डावीकडची विद्यार्थिनी

"आता कुणी हलू नका," मी म्हणालो आणि तिघंही हलले.

हुपरीकर सर चष्मा पुसायला लागले, अनघा सबनीसनं ओढणी सारखी केली आणि हौसा येडगे मला म्हणाली, "भाऊ, त्या दगडावरनं आधी खाली या. त्यो डुगतोय. पडला तर कॅमेरा फुटंल."

"म्हणजे मी मेलो तरी चालेल."

"तुमचं काय, विद्यापीठ दुसरा आणंल. कॅमेरा एकच हाय."

सर मोठ्यानं हसले. मीही हसलो, पण ती बोलली ते सोळा आणे खरं होतं. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात मी हंगामी छायाचित्रकार होतो. सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरींवर चार वर्षं काढली होती. कॅमेऱ्यावर विद्यापीठाचा शिक्का होता, माझ्यावर नव्हता.

सप्टेंबरचा महिना होता. आम्ही घाटमाथ्यावरच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उभे होतो. जीप आणि ड्रायव्हर तासभर खाली, डांबरी रस्त्यावर. वनस्पतिशास्त्राचे हुपरीकर सर, त्यांच्या एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनी आणि रौप्यमहोत्सवी पुस्तकासाठी 'संशोधन' या विषयाचे फोटो काढायला निघालेला मी, एवढेच चौघे. वाट हौसानं दाखवली होती, कारण सडा तिच्या घरचाच म्हणायचा. तिचा बाप तिथं मेंढरं चारायचा. जूनमध्येच तिनं सरांना सांगितलं होतं, आमच्याकडं एक वेल आहे ती तुमच्या एकाही पुस्तकात नाही. सर आधी हसले होते. मग त्यांची झोप उडाली होती.

वेल बोटाएवढ्या जाडीची पण नव्हती. कारवीच्या काडीला वेढे घालत वर गेलेली, आणि शेंड्याला दोन जांभळट फुलं. प्रत्येक फुलाची वरची पाकळी पुढं वाकून तोंड झाकत होती.

"आमच्यात हिला कानटोपी म्हणत्यात," हौसा म्हणाली.

सर अर्धा तास भिंग लावून ओल्या कातळावर बसले होते. अनघा शेजारी उकिडवी बसून जाड पुस्तकाची पानं उलटत एकेक नाव सुचवत होती. सर नुसती मान हलवत होते. शेवटी त्यांनी भिंग खिशात टाकलं.

"अनघा, मीट ते पुस्तक. ही कुठंच नाही. ही नवी आहे." मग हौसाकडं वळून म्हणाले, "कलकत्त्याच्या सान्यालांना नमुने पाठवतो. या कुळातलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. वर्णन ते लिहितील. पण नाव तुझं द्यायचं, हे मी सांगणार."

"माझं? येडगे म्हणल्यावर झाडाला येडं म्हणतील लोकं."

"हौसाचं देऊ. मागं लॅटिन शेपूट लागेल तेवढं."

"आन् ते किती दिस ऱ्हाईल?"

"कायमचं. एकदा रीतसर छापून आलं की ते नाव मला बदलता येत नाही, सान्यालांना येत नाही, कुणालाच येत नाही. नियमच आहे तसा."

हौसा म्हणाली, "मग माझ्या बाला सांगायला काय तरी झालं. त्यो म्हणतोय, औंदाचं साल बास. शिकून मेंढरं वाढत्यात व्हय?"

"बापाला म्हणावं, पुढच्या वर्षी विभागाला पीएच.डी.ची एक शिष्यवृत्ती येतेय. एकच. जिच्या नावाची वनस्पती आहे तिला डावलून ती दुसऱ्या कुणाला द्यायची कुणाची छाती आहे बघू."

अनघा वहीत काहीतरी लिहीत होती. तिनं मान वर केली नाही. तेव्हा मी ते पाहिलं आणि सोडून दिलं, कारण ढग सरकून छान उजेड पडला होता आणि मला तेवढाच दिसत होता.

मी तिघांना बसवलं. मध्ये सर, हातात वेलीची काडी. डावीकडे हौसा, उजवीकडे अनघा. हौसा सरांना फुलाबद्दल काही सांगत होती, म्हणून सर तिच्याकडं बघत होते, अनघाही तिकडंच बघत होती. मी बटण दाबलं. आयुष्यात मी लाखभर फोटो काढले असतील. त्यातले चांगले म्हणावे असे पंधरा-वीस. त्यातला हा पहिला.

*

रौप्यमहोत्सवी पुस्तक म्हणजे नुसत्या फोटोंतून विद्यापीठाची पंचवीस वर्षं. पदवीदान, युवक महोत्सवातलं लेझीम, वसतिगृहाची मेस, बदामीच्या लेण्यांपुढं दात काढून उभी असलेली इतिहासाची सहल, प्रयोगशाळेत परीक्षानळीकडं अशा भक्तिभावानं बघणारे प्राध्यापक की जणू आतून देव निघणार आहे. पुस्तक कुलगुरूंना हवं होतं, करणार होते आमचे प्रकाशन अधिकारी पाटणकर साहेब, आणि खरं म्हणजे करत होतो मी.

पाटणकर साहेबांचा एक दंडक होता. फोटोखाली विद्यार्थ्यांची नावं द्यायची नाहीत. "एकाचं दिलं की दहा जण विचारायला येतात, आमचं का नाही," असं त्यांचं म्हणणं. पदाधिकारी आणि प्राध्यापक नावानं, बाकीचे 'विद्यार्थी व इतर'.

हुपरीकर सर स्वतः आमच्या खोलीत येऊन भांडले. छोट्या प्रिंटच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं मजकूर लिहून आणला होता, त्यात हौसाचं पूर्ण नाव होतं. पाटणकरांनी ते खोडलं.

"अहो, शोध तिचा आहे," सर म्हणाले.

"असेल. पण धोरण ते धोरण."

"बरं, नाव नको तर नको. निदान ती कुठली हे तरी कळू द्या." सरांनी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'प्रा. हुपरीकर विद्यार्थिनींसह. डावीकडे, ही नवी वनस्पती प्रथम पाहणारी विद्यार्थिनी.'

पाटणकरांना यात हरकत घ्यायला जागा नव्हती. मजकूर छापखान्यात जुळाऱ्याकडं गेला. सर जाताना मला म्हणाले, "खटावकर, फोटो झकास आलाय हो." जानेवारीत वर्गात शिकवता शिकवता ते खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. माझ्याशी त्यांचं ते शेवटचं बोलणं.

फेब्रुवारीत पानं लावायला घेतली. सरांचा फोटो बेचाळीस नंबरच्या पानावर आला, म्हणजे उघडल्यावर डाव्या हाताला. पाटणकर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"खटावकर, ही माणसं पुस्तकाबाहेर बघताहेत."

हे त्यांना मीच शिकवलं होतं. डाव्या पानावरची माणसं उजवीकडं बघायला हवीत, उजव्या पानावरची डावीकडं. म्हणजे नजर पुस्तकाच्या आत राहते. बाहेर बघणारी माणसं वाचणाऱ्यालाही बाहेर नेतात. माझ्या धंद्यातलं हे साधं शहाणपण, पण मी ते असं सांगायचो जणू मला दृष्टान्त झालाय.

"समोरच्या पानावर टाकू," मी म्हणालो.

"समोर शिक्षणमंत्री आहेत. ते हलायचे नाहीत."

मग मी डार्करूममध्ये गेलो, निगेटिव्ह उपडी करून घातली आणि फोटो उलटा छापला. आरशात दिसतो तसा. एका मिनिटाचं काम. सर आता उजवीकडं, पुस्तकाच्या आत बघायला लागले. पान एकदम भरल्यासारखं दिसलं. हौसा उजवीकडं गेली आणि अनघा डावीकडं आली, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं असणारच. पण खालचा मजकूर हे माझं खातंच नव्हतं. मी आकार बघणारा माणूस. अक्षरं म्हणजे मला फोटोखालची काळी पट्टी.

*

मार्चमध्ये पुस्तक निघालं. बेचाळिसाव्या पानाचं फार कौतुक झालं. कुलगुरूंनी तो फोटो मोठा करून मुख्य इमारतीच्या दरवाज्यात लावायला सांगितला. मला कायम करण्याचा कागद चार वर्षं कुठंतरी झोपला होता, तो उठून हलायला लागला. मेमध्ये मुलाखत ठरली.

आठवडाभरानं हौसा ग्रंथालयातली प्रत काखेत मारून आमच्या खोलीत आली. दारातूनच हसत होती.

"भाऊ, माझी चमकी उजवीकडं कशी गेली?"

मी बघितलं. तिच्या नाकातली चमकी खरंच उजव्या नाकपुडीवर होती.

"उलटा छापलाय. पानाला ते बरं दिसतं."

"दिसतंय खरं बरं." तिनं पान माझ्यापुढं ठेवलं, आणि मग तिचं हसू गेलं. "पन खाली काय ल्हिवलंय ते वाचा की. डावीकडं म्हणून. डावीकडं तर अनघा हाय."

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"काल विभागात समदी तिचं अभिनंदन करत हुती," हौसा म्हणाली. "सरांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी चहा पाजला तिला. मी म्हणलं, मी दावली वेल. तर ते म्हणले, बाई, छापील आहे समोर."

"आणि अनघा काय म्हणाली?"

"ती कुठं काय म्हणती? चहा पेली."

"शुद्धिपत्र टाकतो," मी म्हणालो. "एक चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवायची. पान बेचाळीस, डावीकडेऐवजी उजवीकडे वाचावे. झालं."

"नक्की ना? सर असते तर मी तुमाला तरास दिला नसता."

"अगं, चूक माझी आहे. मीच निस्तरणार."

ती निर्धास्त होऊन गेली. मला माणसांना निर्धास्त करता येतं. फोटोग्राफरला ते यावंच लागतं.

पाटणकर साहेबांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "कुलगुरूंची प्रस्तावना असलेल्या पुस्तकाला चिठ्ठी चिकटवू? आणि त्या चिठ्ठीत काय लिहू? की आमच्या छायाचित्रकारानं विद्यापीठाच्या पुस्तकात फोटो उलटा छापला? मेमध्ये मुलाखत आहे ना तुमची? समितीपुढं काय ठेवणार आहात तुम्ही, हे पुस्तकच ना?"

"पण साहेब, त्या मुलीचं…"

"तिचं नाव आपण कुठं छापलंय, जे चुकलं म्हणून दुरुस्त करू?"

हौसाला मी सांगितलं, बघतोय, चाललंय. नंतर तिची परीक्षा आली आणि मग ती गावी गेली.

*

मेच्या पहिल्या आठवड्यात सान्यालांचं पत्र आलं. आमचं पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. पत्र माझ्याच नावावर होतं, कारण फोटोखाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं. इंग्रजी टाइप केलेलं, एक पान. म्हातारा फार सभ्य होता. आधी फोटोची तारीफ, मग मुद्दा. हुपरीकरांनी त्यांना लिहिलं होतं की ही वनस्पती माझ्या एका विद्यार्थिनीनं शोधली, तिचंच नाव द्या, नाव सवडीनं कळवतो. कळवायच्या आधीच ते गेले. नमुन्याच्या कागदावर फक्त 'हुपरीकर व विद्यार्थिनी' एवढंच. वर्णनाचा मसुदा तयार आहे, नावाची जागा तेवढी मोकळी. तर तुमच्या पुस्तकातल्या डावीकडच्या विद्यार्थिनीचं नाव काय?

इथवर ठीक होतं. अडचण पुढच्या परिच्छेदात होती. माझ्याकडच्या नमुन्यात वेल एका बाजूनं वेढे घेते, त्यांनी लिहिलं होतं, आणि तुमच्या छायाचित्रात दुसऱ्या बाजूनं. असं सहसा होत नाही. छायाचित्र चुकून उलटं तर छापलं गेलेलं नाही ना? तसं असेल तर डावी-उजवीही बदलेल. कृपया निगेटिव्ह पाहून कळवावं.

वेलींना दिशा असते हे मला तोवर माहीत नव्हतं. माणूस कलकत्त्यात बसून एका वेढ्यावरून माझी चोरी पकडत होता, आणि वर कृपया म्हणत होता.

पत्र मी पाटणकरांना दाखवलं नाही. अनघाला दाखवलं. ती सुटीतही विभागात येत होती, सरांचे कागद लावत बसायची. खिडकीपाशी उभी राहून तिनं पत्र वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"फोटोत डावीकडे कोण आहे?" मी विचारलं.

"छापलेल्या फोटोत? मी."

"अनघा, आपण दोघंही तिथं होतो."

"हो ना. तुम्ही उलटा छापला, मी नाही." मग ती खाली बसली, आणि तिचा आवाज बदलला. "दोन वर्षं मी सरांची टिपणं उतरवली, खटावकर. त्यांचा प्रत्येक लेख मी टाइप केला. अडीच हजार नमुने या हातांनी चिकटवले. आणि एक वेल तिच्या बापाच्या रानात उगवली, यात तिचं काय कर्तृत्व? तिला वाट माहीत होती, एवढंच. शिष्यवृत्ती एक आहे. माझे वडील निवृत्त झालेत, घरी स्थळं बघणं चाललंय. ही हुकली तर मी पण संपले."

"म्हणजे काय लिहू मी?"

"खोटं लिहा असं मी म्हणतच नाहीये. त्यांनी विचारलंय, डावीकडे कोण. जे दिसतंय ते लिहा."

तिला मी तेव्हा मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. पण तिच्याकडं मी गेलोच का होतो? मला कुणीतरी तेच वाक्य म्हणून दाखवायला हवं होतं. पाटणकरांकडं गेलो असतो तर त्यांनी ते हुकूम म्हणून दिलं असतं. अनघानं ते युक्तिवाद म्हणून दिलं, आणि मला युक्तिवाद हवा होता.

हौसाचं गाव एसटीनं तीन तासांवर होतं. शेवटचा डोंगर पायी. मुलाखतीला दहा दिवस होते. मी गेलो नाही.

निगेटिव्ह काढून उजेडाला धरली मात्र. डावीकडं हौसा, बोलता बोलता उघडलेलं तोंड. सर तिच्याकडं बघताहेत. कारवीची काडी, तिच्यावर वेलीचे चार वेढे. सगळं जागच्या जागी. मी ती पाकिटात घातली आणि टाइपरायटरपुढं बसलो. सान्यालांना लिहिलं, आपल्या सूचनेनुसार निगेटिव्ह तपासली आहे, छायाचित्र सुलटच छापलेलं आहे. डावीकडची विद्यार्थिनी कुमारी अनघा सबनीस. आपला विश्वासू. खाली सही.

दहा ओळींचं पत्र. त्यात एकच वाक्य खोटं होतं, आणि ते कुणी मागितलंही नव्हतं. अनघानं सांगितलं तेवढंच लिहून गप्प बसता आलं असतं. पण काम अर्धवट टाकायची मला सवय नाही.

*

मी कायम झालो. समितीतल्या एका गृहस्थांनी पान बेचाळीस उघडून विचारलं, "हे तुमचंच का?" मी होय म्हणालो.

सान्यालांचा लेख वर्षाच्या शेवटी छापून आला. वनस्पतीला अनघाचं नाव लागलं, मागं लॅटिन शेपूट. वर्णनात एक ओळ अशीही होती की ही वेल दोन्ही बाजूंनी वेढे घेते, पुरावा म्हणून आमच्या पुस्तकाचं पान. माझ्या सहीनं शास्त्रात ती भर पडली. शिष्यवृत्ती अनघाला मिळाली. ती तिनं वाया घालवली असंही नाही, पुढं मोठी झाली, परदेशात गेली. तिच्याबद्दल वाईट बोलायला मला तेवढीही जागा राहिली नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी हौसा एकदा आली. हातात पिशवी, पायांत धुळीच्या चपला. ती बसली नाही. पिशवीतून तिनं एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. माझ्याच पत्राची झेरॉक्स.

"मी कलकत्त्याला ल्हिवलं हुतं," ती म्हणाली. "त्यांनी ह्यो कागद धाडला. म्हणले, आमी विचारलं हुतं. ही सही तुमची?"

"हौसा, ऐक, तेव्हा माझी…"

"सही तुमची का, एवढंच."

"माझी."

"बरं." तिनं कागद घडीवर घडी घालून पिशवीत टाकला. "मला वाटलं, अनघानंच केली आसंल. म्हणून इचारायला आले."

"मी अजून लिहितो त्यांना. खरं काय ते सगळं लिहितो."

"आता ल्हिवून काय? छापलेलं नाव बदलत न्हाय. सरांनीच सांगितलं हुतं की, तुमच्या देखत." दारापर्यंत गेली आणि वळली. मला वाटलं, आता शिवी देईल. द्यायला हवी होती. "चलते," म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी संध्याकाळी मी सान्यालांना पत्र लिहायला घेतलं. दोनदा कागद बदलला. मग वाटलं, आता उपयोगच नाही तर स्वतःची अब्रू का घालवा. माझ्या सोयीचे विचार मला नेहमी वेळेवर सुचत आले आहेत.

*

वीस वर्षांनी विद्यापीठानं आणखी एक पुस्तक काढायचं ठरवलं आणि मी पुन्हा त्या सड्यावर गेलो. तोवर मी विभागप्रमुख झालो होतो, केस गेले होते. जीप आता थेट वरपर्यंत जात होती. वनखात्यानं तारेचं कुंपण घातलं होतं आणि दाराशी एक पाटी लावली होती. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, शोध अनघा सबनीस, साल.

पाटीपुढं जिल्हा परिषदेच्या शाळेची वीस-पंचवीस पोरं रांगेत बसली होती. मी कॅमेरा काढत असताना बाईंचा आवाज ऐकला.

"ही वेल कुणी शोधली?"

"अनघा सबनीस!" पोरं एका सुरात ओरडली.

"कवा?"

पोरांनी साल सांगितलं.

"पुन्यांदा. समद्यांनी. ही वेल कुणी शोधली?"

"अनघा सबनीस!"

मी जवळ गेलो. तिनं मला पाहिलं आणि लगेच ओळखलं. पोरांना डबे सोडायला सांगून ती माझ्याकडं आली. डोक्यावर पदर, खांद्याला पर्स, कपाळाशी केस पांढरे. नाकात चमकी होती, डावीकडं.

"ओळखलं का?" मी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? कॅमेरा नवा दिसतोय."

"इथंच असतेस? असता?"

"इथंच. डी.एड. केलं. बानं तेवढं करू दिलं." तिनं एका पोराला कातळाच्या कडेवरून मागं यायला खुणावलं. "म्हातारा हाय अजून. रोज सड्यावर येतो."

मला राहवलं नाही. तिनं चार शब्द नीट बोलल्यामुळं मला उगाच धीर आला होता. मी म्हणालो, "हौसा, माझं जे चुकलं त्याला क्षमा नाही, ते मला माहीत आहे. पण तुम्ही स्वतः पोरांना हे कसं शिकवता? इथं तर तुम्ही खरं सांगू शकता. इथं तुम्हाला कोण अडवणार?"

ती माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता. पाढा न आलेल्या पोराला पुन्हा समजावून सांगावं तसं ती बोलली.

"तालुक्याला निवासी शाळा हाय. पोरींना वसतिगृह, बारावीपर्यंत समदं. परीक्षा घेऊन पोरं निवडत्यात. त्या परीक्षेत दर साली ह्या पाटीवरचा प्रश्न असतो. आपल्या तालुक्यातली वनस्पती म्हणून."

"बरं, मग?"

"तीन सालांमागं आमच्या शाळेतल्या एका पोरीनं माझं नाव ल्हिवलं. हौसा बिरू येडगे. मी कवाच कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या आज्ज्यानं सांगितलं हुतं, वेल दावून. चूक धरली. एका मार्कानं पोरगी ऱ्हायली."

"कुणाची मुलगी?"

"आज्जा म्हंजी माझा बा," ती म्हणाली. "पोरगी माझी."

मी काढलेला कॅमेरा परत पिशवीत घातला.

"तवापासनं मी बरोबर शिकवते," ती म्हणाली आणि पोरांचे डबे झाले का बघायला गेली.